लहान लॅपटॉप घेताना: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर पैसे घाला

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही कर्वेनगरला राहता, घरून मराठी मुद्रितशोधन करता. आठवड्यातून दोन-तीनदा सदाशिव पेठ, नारायण पेठेत प्रकाशकांकडे आणि छापखान्यात जावं लागतं, तेही दुचाकीवरून. जुना डेस्कटॉप आता साथ देत नाही. रोजच्या कामाला हलका, लहान लॅपटॉप हवा आहे, बजेट ३५ हजार. अकरावीतली मुलगी संध्याकाळी त्यावरच लेक्चर बघणार. दुकानांतून तुम्हाला तीन पर्याय मिळाले. पहिला नवा कोरा, ११.६ इंची, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, २० हजार. दुसरा नवाच, १४ इंची, एएमडीचा रायझन ३ ७३२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (वेगवान स्टोरेज), ३४ हजार. तिसरा वापरलेला डेल लॅटिट्यूड ५४००, १४ इंची, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २२ हजार, दुकानाची सहा महिने वॉरंटी. "सेकंड-हँड घ्यायची भीती वाटते, म्हणून पहिल्याकडे मन झुकतंय," असं तुम्ही लिहिलंय.

पहिला घेऊ नका. तिसरा घ्या, पण खाली सांगतो ते सगळं तपासून. भीती अगदीच जात नसेल तर दुसरा. आता कारणं.

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत मी गेली एकवीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतो, विकत नाही. त्यामुळे कोणतं मशीन दुकानाच्या काचेत कसं दिसतं यापेक्षा दोन वर्षांनी माझ्या टेबलावर काय होऊन येतं, ते मला जास्त माहीत आहे. या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की झाली. लॅपटॉपमध्ये काही भाग नंतर बदलता येतात आणि काही येत नाहीत. स्क्रीनचा दर्जा, प्रोसेसर, बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डागलेली रॅम, कीबोर्डची बैठक, बिजागरीची मजबुती, हे ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी ठरलं. एसएसडी, सुटी रॅम, बॅटरी, चार्जर हे पुढे केव्हाही बदलता येतं. खिशात पैसे मोजके असतील तर ते पहिल्या यादीवर घालायचे. दुकानदार नेमकी दुसरी यादी मोठ्या अक्षरात लिहितात, कारण आकडा दाखवायला तीच सोपी.

"लहान आणि स्वस्त" या जोडीबद्दल थोडं मागे जाऊन सांगतो. २००७ मध्ये आसुसचं ईई पीसी आलं, सात इंची स्क्रीनचं. पुढच्या दोन वर्षांत अशा लहान, स्वस्त लॅपटॉपची, म्हणजे नेटबुकची लाटच आली. पुण्यातही लोकांनी हौसेनं घेतली, मुलांना दहावी-बारावीच्या निकालाला भेट दिली. दोन-तीन वर्षांत ती धडाधड कपाटात गेली. बिघडली म्हणून नव्हे, वापरवेना म्हणून. वस्तू लहान करायची तर खर्च वाढतो, कमी होत नाही. तरीही ती स्वस्तात मिळत असेल तर कुठेतरी काटछाट झालेली आहे, आणि कुठे झाली ते शोधणं हे गिऱ्हाइकाचं काम. आज ११.६ इंची स्वस्त मशीन्स म्हणजे त्याच नेटबुकची नातवंडं आहेत.

पहिल्या पर्यायातली काटछाट कुठे आहे, ती उघडून दाखवतो. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा असंच मशीन घेऊन आला. तक्रार एकच, "विंडोजचा अपडेट होत नाही, सारखं जागा नाही म्हणतं." बघितलं तर फोटो नाहीत, सिनेमे नाहीत, कॉलेजच्या चार फायली. ६४ जीबी छापलेलं असलं तरी विंडोजला त्यातले ५८-५९च दिसतात. विंडोज स्वतः पंचवीस-तीस घेते. मग ब्राउझर, ऑफिस, व्हॉट्सॲप, त्यांचा साचलेला कचरा. मोठा अपडेट यायचा तर दहा-वीस जीबी मोकळी जागा लागते, त्याच्याकडे दीड जीबी उरली होती. मी म्हटलं, एसएसडी मोठी टाकू. मागचा पत्रा काढला. आत बोर्ड जेमतेम हाताच्या पंजाएवढा, बाकी सगळी बॅटरी. एसएसडीची खाचच नाही. स्टोरेज म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी एक काळी चिप, ईएमएमसी म्हणतात तिला, थेट बोर्डाला सोल्डर केलेली. या चिपच्या पोटाखाली सोल्डरच्या बारीक गोळ्या असतात, बहुतेक चिप्सना १५३. एकेक गोळी बरोबर बसवून मोठी चिप चढवता येते, पण त्याची मजुरी आणि जोखीम त्या मशीनला परवडत नाही. त्याच्या वडिलांनी आधी सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं, तिथून "पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल" असं उत्तर आलं, आणि बोर्डाची किंमत मशीनच्या निम्म्याहून वर. शेवटी मी त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून दिली, ती कमी जागेत बसते. मुलगा चालवतोय. पण तुम्हाला विंडोज लागणार, त्यामुळे तुमची तशी सुटका नाही.

वेगाचंही तेच. ही चिप कागदावर सेकंदाला ४०० एमबीपर्यंत जाते, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. साटा जोडणीची साधी एसएसडी ५५०च्या आसपास देते, एनव्हीएमई जातीची नवी दोन-तीन हजार. आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, एकाच वेळी चार बारीक कामं आली की ईएमएमसी गुदमरते. अपडेट मागे चालू, तुम्ही वर्ड उघडलं, मुलीनं क्रोम उघडलं, की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. एन४०२० मध्ये दोनच कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग आहेत, २०१९ सालचे. ४ जीबी रॅम सोल्डर केलेली. तीन गोष्टी, तिन्ही बदलता न येणाऱ्या. वर अशी मशीन्स बऱ्याचदा विंडोजच्या 'एस मोड'मध्ये येतात, त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर चढत नाही. तो मोड फुकट काढता येतो, ती अडचण मोठी नाही. बाकीच्या तीन मोठ्या आहेत.

आता तुमच्या कामाचा खरा मुद्दा, जो तिन्हीपैकी एकाही दुकानदारानं विचारला नाही असं दिसतं. तुमचं काम डोळ्यांचं आहे. अनुस्वार सुटला का, रफार आहे की अर्धा ऱ्, वेलांटी पहिली की दुसरी, हे तुम्ही दिवसभर बघता. म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये सर्वात महागडी वस्तू स्क्रीन असायला हवी.

११.६ इंची स्क्रीनवर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. उभ्या ७६८ मधून खालचा टास्कबार, वरचा वर्डचा पट्टा वजा करा, ए-फोरच्या पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा एका वेळी दिसतो. पूर्ण पान दिसावं म्हणून झूम कमी केलं की अनुस्वाराचा ठिपका आणि कागदावरचा डाग यात फरक राहत नाही. मूळ प्रत एका बाजूला आणि दुरुस्त प्रत दुसऱ्या बाजूला ठेवणं तर विसराच. १९२० बाय १०८० वर ते जमतं. त्याहून १६:१० च्या आकाराची, म्हणजे १९२० बाय १२०० ची स्क्रीन मिळाली तर उभी जागा आणखी वाढते, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला ती फार सोयीची. पण या बजेटात ती सहज मिळत नाही.

ठिपक्यांइतकंच महत्त्व पॅनेलच्या जातीला. टीएन पॅनेल असेल तर मान थोडी वर-खाली झाली की अक्षरं फिकी पडतात, पांढरा कागद राखाडी दिसतो. आयपीएस पॅनेलला तसं होत नाही. हे ओळखायला कुठलं पुस्तक लागत नाही. दुकानात स्क्रीनवर पांढरं पान उघडा, झाकण हळूहळू मागे न्या आणि स्वतः जागेवरून हलू नका. वरचा भाग काळवंडला, खालचा उजळला, तर टीएन. आयपीएसचं पान सगळीकडे सारखं राहतं. ही परीक्षा तिसऱ्या पर्यायालाही लावायची आहे, आणि तिथे जास्त कसोशीनं. कारण लॅटिट्यूड ५४०० काय किंवा लेनोवोचं थिंकपॅड टी४८० काय, कंपन्या घाऊक घेताना पैसे वाचवायला बऱ्याचदा सर्वात साधी, १३६६ची टीएन स्क्रीन घेत. तेच नाव, तोच प्रोसेसर, तीच रॅम, पण स्क्रीन वेगळी. दुकानदाराच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १९२० बाय १०८० स्वतःच्या डोळ्यांनी बघा. १३६६ दिसलं तर पुढचं मशीन मागा, त्यांच्याकडे त्याच मॉडेलची पाच-दहा तरी पडलेली असतात.

ही वापरलेली मशीन्स येतात कुठून, ते कळलं की तुमची भीती थोडी कमी होईल. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या मोठ्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात. करार संपला की शेकड्यानं एकदम बाहेर पडतात. लॅटिट्यूड, थिंकपॅड, एचपीचं एलिटबुक हे ऑफिससाठी बांधलेले, नवे असताना ६०-७० हजारांच्या पुढचे. त्यांच्या बिजागऱ्या जास्त मजबूत. तुम्ही दुचाकीवरून जाणार म्हणून मी बिजागरीवर इतका भर देतोय. स्वस्त लॅपटॉपात बिजागरीचे स्क्रू पितळी नळ्यांत बसतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकात रोवलेल्या असतात. दीड-दोन वर्षं झाकण उघड-मीट झाली, पाठीवर खड्ड्यांचे दणके बसले, की प्लॅस्टिक चिरतं, नळी उपटून येते. मग झाकण उघडताना कोपऱ्यात 'कट' असा आवाज येतो, स्क्रीनची चौकट फाकते आणि लोक जोर लावून तसंच उघडत राहतात. तिथून स्क्रीनची केबल तुटायला फार दिवस लागत नाहीत. माझ्याकडच्या कामात बिजागरीचा वाटा मोठा आहे, आणि एपॉक्सी गोंद भरून केलेली दुरुस्ती किती टिकेल याची हमी मी आजवर कुणाला दिलेली नाही.

आता तपासणी. घाई करू नका, अर्धा-पाऊण तास द्या. तिथे उभं राहून तपासू देत नसतील तर दुकान बदला.

आधी लॅपटॉप बंद करून काउंटरच्या सपाट काचेवर ठेवा आणि चारही कोपरे बोटानं दाबा. डुगडुगला तर पोटातली बॅटरी फुगलेली असू शकते. टचपॅड एका बाजूनं उचललेलं वाटणं, क्लिक नीट न होणं, हीही त्याचीच खूण. फुगलेली बॅटरी घरी आणायची नाही.

मग सुरू करताना एफ२ दाबत राहा, डेलचं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग उघडतं. थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तिथेच नको म्हणा. जुन्या कंपनीचा पासवर्ड राहून गेलेला असतो, आणि "नंतर काढून देतो" हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, काढून मिळालेला मात्र क्वचित पाहिलाय. याहून लपलेलं एक कुलूप असतं. दुकानदाराला विंडोज रिसेट करायला सांगा आणि पहिल्या सेटअपला तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटनं इंटरनेट जोडा. एखाद्या कंपनीचं नाव झळकून तिचा ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. आज कसंबसं चालवून दिलं तरी पुढच्या रिसेटला परत अडेल. इंटरनेट न जोडता सेटअप केला तर हे दिसतच नाही, म्हणून जोडायचाच आग्रह धरा.

बॅटरीचा खरा आकडा मशीन स्वतः सांगतं. सर्चमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, त्यात पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि लागून बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजी लिपीत (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली तेही तिथेच छापलं जातं. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी असतात. दुसरा पहिल्याच्या ८० टक्के असेल तर उत्तम. ६० असेल तर किंमत कमी करून घ्या आणि बॅटरी बदलायची तयारी ठेवा. ५०च्या खाली असेल तर दुकानदारानंच नवी टाकून द्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, ते एसएसडीचं आरोग्य टक्क्यांत दाखवतं. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह लावा, कॅमेरा, माइक, स्पीकर, वाय-फाय. चार्जर काढून दहा मिनिटं चालवा. झाकण पूर्ण उघडून सोडा, ते जिथे सोडलं तिथे थांबलं पाहिजे.

आय-५ या नावावर जाऊ नका, पूर्ण आकडा बघा. यात खूप लोक फसतात. सहाव्या-सातव्या पिढीच्या, शेवटी 'यू' असलेल्या लॅपटॉपी आय-५ मध्ये, उदाहरणार्थ ६३००यू किंवा ७३००यू, दोनच कोर होते. आठव्या पिढीपासून, ८२५०यू, ८३५०यू, ८२६५यू, ८३६५यू, चार झाले. आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून सहाव्या-सातव्या पिढीचा माल बाजारात ढिगानं आलाय, त्यावर आडमार्गानं विंडोज ११ चढवून "आय-५, सोळा जीबी, फक्त १४ हजार" म्हणून विकतात. आज चालतं, पण पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल त्याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही.

याच कारणानं तुमच्या तिसऱ्या पर्यायाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आठवी पिढी ही विंडोज ११ च्या उंबरठ्यावरची आहे, पुढच्या विंडोजमध्ये तीच आधी बाहेर पडेल. तुमच्याकडे ३५ हजार आहेत आणि हे मशीन २२ ला आहे. मधल्या पैशात अकराव्या पिढीचं, आय-५ ११३५जी७ असलेलं लॅटिट्यूड ५४२० किंवा थिंकपॅड टी१४ दुसरी आवृत्ती बसतं का, हे त्याच दुकानात विचारा. २८-३० पर्यंत चांगल्या स्थितीतलं मिळालं तर मी डोळे झाकून तेच घेईन. नाही मिळालं तर ५४०० घ्या, त्यात रॅमच्या दोन खाचा आहेत, एसएसडी सुटी आहे, टाइप-सी चार्जरवर चार्ज होतो, आणि उरलेल्या १३ हजारांतून नव्या बॅटरीची सोय होते.

दुसऱ्या पर्यायावर फार वेळ घालवत नाही. तो वाईट नाही, नावाएवढा नवा मात्र नाही. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक बघायचा, तो आतल्या रचनेचा. ७३२० मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ सालची रचना. ७३३० असता तर झेन ३. शिवाय ७३२०यू ला जी रॅम लागते ती बोर्डावरच सोल्डर होते, म्हणजे ८ जीबी ती कायमची ८. तुमच्या एकटीच्या कामाला पुरेल, पण मुलीच्या लेक्चरबरोबर क्रोमचे वीस टॅब उघडले की कमी पडेल. नवाच घ्यायचा ठरला तर त्याच पैशात इंटेलचा आय-३ १२१५यू असलेला आणि रॅमची निदान एक मोकळी खाच असलेला १४ इंची शोधा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढलेत, त्यामुळे जाहिरातीत जुनी किंमत दिसली तरी दुकानात फोन करून आजची विचारा. १६ जीबी आधीच असलेलं वापरलेलं मशीन हे आज त्यामुळेही जास्त किफायतशीर पडतं.

वजनाचं तुम्ही खूप मनावर घेतलंय, म्हणून सांगतो. ११.६ इंची मशीन सव्वा किलोच्या आसपास आणि हे १४ इंची दीड किलोच्या आसपास. फरक पाण्याच्या छोट्या बाटलीएवढा. पाठीवरच्या सॅकमध्ये तो कळत नाही. त्यापेक्षा चार्जर बघा, जुन्या जाड विटेऐवजी ६५ वॉटचा चांगला टाइप-सी चार्जर घेतला तर तेवढं वजन तिथे वाचतं आणि तोच मोबाइललाही चालतो. लॅपटॉप डिकीत टाकू नका, सीटखाली इंजिनाची धग लागते. पायाशीही नको. पाठीवर, आणि जून ते सप्टेंबर सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. सॅकवर घालायचं रेनकव्हर पाठीच्या बाजूनं उघडं असतं, पाणी तिथूनच झिरपतं. भिजलाच, तर चालू करून बघायचा मोह टाळा. चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून पूर्ण बंद करा, झाकण उघडून तंबूसारखा उलटा ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवल्यानं आतलं पाणी निघत नाही, तांदळाचं पीठ मात्र खाचांत जातं.

बॅटरी किती तास हवी, याचं उत्तर पुण्यात गुरुवार देतो. देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी, कधी सकाळी दहापासून दुपारपर्यंत. लिहिण्या-वाचण्याच्या कामात १४ इंची मशीन साधारण सात-आठ वॉट खातं. ४२ वॉट-अवरची बॅटरी चांगली असेल तर पाच-साडेपाच तास, ६८ची असेल तर आठच्या पुढे. लॅटिट्यूड ५४०० दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांत येत असे, रिपोर्टमध्ये डिझाइनचा आकडा ६८ हजारांच्या आसपास दिसला तर ते मशीन बाजूला काढून ठेवा.

मराठीबद्दल शेवटी, पण तुमच्यासाठी ते शेवटचं नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक दोन्ही कळफलक आधीपासून आहेत, वेगळं काही विकत घ्यायला नको. तुमचा हात इनस्क्रिप्टवर बसलेला असेलच. र च्या कळेवर शिफ्ट धरून ऱ येतो, त्याला हलन्त जोडला की दऱ्यांचा अर्धा ऱ्. छापखान्यांकडून अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधल्या फायली येत असतील. ते सॉफ्टवेअर आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकचं, विंडोजवर चालतं, म्हणून क्रोमबुक, म्हणजे विंडोज नसलेले गूगलच्या प्रणालीचे लॅपटॉप, तुमच्यासाठी बाद. तुमच्याकडे त्याचं यूएसबी लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला खाचेत लावावी लागणारी छोटी किल्ली असेल तर लॅपटॉपला यूएसबीची जुनी रुंद खाच हवी. लॅटिट्यूडला आहे, नव्या बारीक मशीन्सना कधी एकच असते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं दुकानदार चोरीचं व्हर्जन टाकून देईल, ते घेऊ नका. त्यातून व्हायरस आलेली मशीन्स मला दर महिन्याला दिसतात. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठी नीट दाखवतं, वर्डच्या फायली उघडतं. प्रकाशकाला ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दिसेल अशा खुणा, वर्डमध्येच हवे असतील तर अधिकृत वर्ड घ्या, उरलेल्या पैशातला तो योग्य खर्च आहे. विंडोजचं लायसन्स बहुतेक ऑफिसच्या मशीन्समध्ये बोर्डातच नोंदलेलं असतं, ॲक्टिव्हेशनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह' दिसतंय का तेवढं बघा.

बिल पक्कं घ्या, त्यावर मशीनचा सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलचा ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि तो पोटाखालच्या लेबलशी ताडून बघा. टॅग डेलच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून केव्हा निघालं आणि कुठल्या सुट्या भागांसह, ते दिसतं. "नुकतंच दोन वर्षं वापरलेलं" हे खरं की नाही, ते दोन मिनिटांत कळतं. चार्जर दोन पिनांचा दिला तर तीन पिनांचा मागा. तुमच्या घरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग असेल तर धातूच्या भागाला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या त्यानं थांबतात.

आणि दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर तुमची एखादी हातातल्या कामाची फाइल न्या, शक्यतो दाट जोडाक्षरांची. नसेल तर वर्डमध्ये चार शब्द टाइप करा: दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना. बारा पॉइंटमध्ये, पानाची पूर्ण रुंदी स्क्रीनवर बसेल एवढं झूम ठेवून. नेहमीच्या अंतरावर बसा, चष्मा नेहमीचाच. रफार आणि अर्धा ऱ् पहिल्या नजरेत वेगळे दिसले तर पैसे द्या. मान पुढे न्यावी लागली तर त्याच मॉडेलचं दुसरं मशीन लावायला सांगा.